शिवणीतली माया

धाकटीने जन्मात कधी कापडाला कात्री लावली नव्हती. कापायचं थोरलीने आणि शिवायचं धाकटीने, अशी दोघी बहिणींची वाटणी होती. गल्लीने त्यांच्या दुकानालाही 'थोरली-धाकटी' हेच नाव देऊन टाकलं होतं. पाटीवर काहीतरी वेगळं लिहिलेलं होतं, पण ती पाटी आजवर कुणी वाचली असेल असं वाटत नाही. आता मात्र धाकटीला कात्री धरावी लागणार होती, आणि तीही कापडावर नाही, थोरलीच्या बोलण्यावर.

झालं होतं असं, की थोरलीला झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "शब्द आत आहेत हो, पण त्या प्रयत्नच करत नाहीत. सुरुवातीचे महिने असेच गेले तर पुढे कठीण आहे. त्यांचं जुनं बोलणं कुठे असेल तर ऐकवा. छोटे छोटे तुकडे करा, लांबलचक नको, थकतील." थोरली तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली होती. मापं घेता घेता गिऱ्हाइकाच्या अख्ख्या खानदानाची चौकशी करणारी ही बाई आता मान हलवायलाही कंटाळायची.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. थोरलीने लग्न ठरताना सरळ सांगितलं होतं, "मी येईन ती बहिणीला घेऊन." नवरा, म्हणजे धाकटीचे भावोजी, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांना त्या वाक्यात दुरुस्तीजोगं काही सापडलं नाही. पुढे त्यांनी त्याचा कधी उच्चारही केला नाही. आपण इथे उपऱ्या आहोत असं वाटायला त्या घराने धाकटीला सवडच दिली नाही, आणि मशीनचं चाक फिरवताना तिला हे कितीदा तरी आठवायचं आणि भरून यायचं.

बोलणं म्हणाल तर ते फोनमध्ये ढीगभर होतं. थोरलीची मुलगी परगावी असते. तिला शिवण शिकायची होती, म्हणून धाकटीने, तिच्या मावशीने, आईचं कापणं तिच्यासाठी फोनवर टिपून ठेवलेलं. पण त्यात थोरली एक वाक्य बोलायची आणि मग कितीतरी वेळ नुसती कात्रीची करकर आणि रस्त्यावरचे भोंगे. त्यातून बोलणं वेचून काढायचं होतं. भावोजींनी घरातला जुना कॉम्प्युटर पुसला आणि दोघं फुकट मिळणारं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर शोधायला बसली.

पहिल्याने काम चोख केलं, पण तयार व्हिडिओत थोरलीच्या गळ्यावर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत येऊन बसलं.

"बायको माझी आणि शिक्का यांचा!" भावोजी भडकले.

दुसऱ्याच्या अटी त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचल्या. असं करणारे जगात ते पहिलेच असावेत. "थोडे दिवस फुकट, मग कुलूप. वर शुद्धलेखनाच्या चुका," त्यांनी निकाल दिला. तिसरं इतकं दांडगं निघालं की बिचाऱ्या कॉम्प्युटरने धापा टाकत मान टाकली.

चौथं हलकं होतं, शिक्काही नव्हता. धाकटीने जीव मुठीत धरून पहिला काप घेतला आणि तो जरा अलीकडेच बसला. 'बाही'मधलं 'ही' उडालं. परत आणायला गेली तर ते कुठेच सापडेना. "बा," एवढंच पडद्यावरची थोरली म्हणाली आणि गप्प झाली. धाकटीला रडूच फुटलं.

"मला नाही जमायचं, भावोजी. कात्री ताईचीच. मी आपली शिवणारी."

भावोजींनी काही समजूत घातली नाही. त्यांनी चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत पाचवं उतरवून घेतलं.

हे दिसायला अगदीच करडं, कुणी ढुंकून बघणार नाही असं. धाकटीने काप घेतला, तो पुन्हा चुकला. वैतागून तिने माउसने तुकड्याची कड धरून ओढली, तर कड सरकली आणि गेलेलं 'ही' परत आलं. तिने कड आत ढकलली, ते गेलं. ओढली, आलं.

"भावोजी!" ती ओरडली. "याला माया आहे!"

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की शिवण उसवायची आणि कपडा वाढवायचा. थोरली नेहमी सढळ हाताने माया सोडायची. "माणूस काय आयुष्यभर एकाच मापाचा राहतो का गं?" असं म्हणायची.

"कुणी केलंय हो हे?" धाकटीने विचारलं.

"कुठकुठली माणसं आहेत. आपापली कामं सांभाळून हौसेने करतात म्हणे."

कधी न पाहिलेल्या कुणीतरी तिच्यासारख्या घाबरटाच्या चुकीसाठी जागा राखून ठेवली होती. तिचे डोळे पुन्हा भरले, पण या खेपेला बरं वाटत होतं. "त्यांना लिहा ना काहीतरी," ती म्हणाली.

"आधी काम तर होऊ दे!"

काम झालं. थोरलीला खुर्चीत बसवलं आणि व्हिडिओ लावला. पडद्यावरची थोरली म्हणाली, "खडू असा धर." मग ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली, नाक खाजवलं आणि विचारलं, "झालं?" पुढचा तुकडा. "कॉलरला घाई करू नकोस." पुन्हा तेच बघणं, पुन्हा "झालं?"

"अगं, हे काय?" भावोजी कुजबुजले. "प्रत्येक तुकड्याला शेपूट ठेवलंस!"

"माया सोडलीय. नाहीतर जोडायला काय उरणार?"

"व्हिडिओत ती आत दुमडली जात नाही गं! सगळी बाहेरच दिसते."

धाकटीने कपाळाला हात लावला. एवढ्या हौसेने केलेलं काम, आणि सगळ्या शिवणी उलट्या! ती बंद करायला उठली, तेवढ्यात भावोजींनी तिचा हात धरून खाली बसवलं. थोरली हसत होती. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती. दर तुकड्यानंतर ती आता त्या "झालं?"ची वाट बघायची आणि आलं की खांदे हलवून हसायची.

पडदा काळा झाला.

"झा... लं?" थोरलीने विचारलं.

आवाज खरखरीत होता, पण सूर तोच, घाईचा.

"नाही गं ताई," धाकटी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडत म्हणाली. "अजून कुठे झालंय!"

भावोजींना चष्मा पुसायला बराच वेळ लागला. मग ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. "सांग, त्या लोकांना काय लिहू?"

धाकटी सांगत सुटली. बहिणीचं, बाहीचं, तुमच्या कामात माया आहे म्हणून आमच्या घरात आवाज आला त्याचं.

"माया त्यांना कशी कळणार?"

"कळेल. लिहा तुम्ही. आणि हेही लिहा, की इकडे कधी आलात तर कपडे मी शिवून देईन. मापं ताई घेईल."

भावोजी एकेक अक्षर तपासत टाइप करत होते. धाकटीचे आभार काही संपेनात. शेवटी मागच्या खुर्चीतून थोरलीने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली.

"झालं?"