लांबच्या रस्त्यावर अडणारी गाडी

“ही पोरगी बसली की गाडी आडतीच बघा, दादा. आपण दोघं हुबळीला गेलतो, तवा एक गचका तरी दिला काय? चला माघारी.”

कराडच्या पुढे, उघड्या बॉनेटपलीकडून काका बाबांना सांगत होते. मी ऐकतेय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला हसू येणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “तसं दिसतंय खरं. फिरू या.”

कोर्टात दिवसभर पुरावा मागणारे माझे बाबा! दुपारी पुण्यात एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. ही हुकली तर घरचे पुन्हा मला एवढ्या लांब धाडणार नव्हते.

आमची जुनी गाडी कोल्हापुरात बिनतक्रार धावायची. लांब निघालो की गचके द्यायची, बंद पडायची आणि थोडं थांबलं की आपोआप सुरू व्हायची. उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलला. काही सापडलं नाही.

डोळे भरलेले दिसू नयेत म्हणून मी गाडीच्या मागे गेले. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाखालून काळ्या रबराची कड डोकावत होती. झाकण फिरवलं, तर टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढली. मी दचकून मागे सरले. झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा बसवलेला होता, अगदी नीट कातरलेला. त्यानं हवेचं बारीक भोक बुजलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडत अडत येतं. इथे पेट्रोलचं तेच होत होतं.

“लाव ते लवकर, वास येईल तुला,” गाडीतून उतरून आलेली आई मागून म्हणाली.

“हे तू बसवलंस?”

“तुला पेट्रोलच्या वासानं उलटी होते ना. तू असलीस की पंपावरून निघताना बसवते. घरी गेलं की काढून ठेवते. का गं?”

मी असले की. म्हणजे काका म्हणाले ते खरंच होतं! त्यांच्या शब्दांनी बसला नव्हता एवढा धक्का मला आता बसला.

मी आईला हळूच सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. “भावोजींना कळू देऊ नकोस. जन्मभर ऐकवतील मला.”

पुढे बॉनेट धाडकन बंद झालं. “चला वैनी, बसा की! जेवायच्या वेळेला घरात.”

शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. इंग्रजीच्या तासाला नाही, मराठीच्याही नाही. घरातल्या पुरुषांपुढे तर आवाजच फुटायचा नाही. झाकण परत लावून, काढलेलं रबर मुठीत दाबून मी पुढे गेले. बाबा स्टिअरिंगवर बसले होते.

“बाबा, गाडी वळवू नका. बिघाड सापडलाय, मी काढून टाकलाय. मला पुण्याला जायचंय.”