शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला?

आमचे गुरू, शिल्पकार विठ्ठलतात्या, पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. गौरवग्रंथासाठी मी लिहावे असे ठरले, तेव्हापासून मी लिहितो आहे आणि खोडतो आहे. मी मुळात घाबरट, आणि तात्यांना खोटी स्तुती एका नजरेत कळते.

त्यांची ओळख झाली तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत होतो. शिफ्ट सुटली की रहाटणीत त्यांच्या कार्यशाळेच्या दारात उभा राहून ते मातीतून चेहरा कसा काढतात ते बघायचो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "नुसता उभा काय ऱ्हातोस? माती मळ." तेव्हापासून मळतोच आहे.

आमच्याकडे येणारे बहुतेक चेहरे गेलेल्या माणसांचे. सगळी भिस्त फोटोंवर. तात्यांचा दंडक असा, की चारी बाजूंचे फोटो मागायचे आणि साचा घेण्याआधी घरच्यांना माती दाखवायची.

तात्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा सांगवीच्या एका बाईंच्या यजमानांचा अर्धपुतळा माझ्यावर आला. स्पष्ट फोटो एकच, यजमानांनी मोबाईलवर स्वतःच काढलेला सेल्फी. भांगापासून गालावरच्या तिळापर्यंत मी तो जसाच्या तसा उतरवला. वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलेले. बाई सासूबाईंना घेऊन आल्या. आजींनी मातीच्या गालावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"ह्यो माझा न्हाई," एवढेच म्हणाल्या. काय चुकले तेच कळेना.

निरोप मिळताच तात्या काळा चष्मा लावून रिक्षाने आले. पुतळ्याकडे न बघता त्यांनी फोटो नाकाशी धरला. "लेका, शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. ह्यात उजव्या छातीवर कसा?"

अरे देवा! मोबाईलने आरशासारखा उलटा फोटो दिला होता. भांग, तीळ, किंचित वाकडे हसू, सगळे भलत्या बाजूला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तात्यांनी मात्र आजींपुढे हात जोडले. "माउली, चूक माझी. फोटो मी बघाया हवा व्हता." मला म्हणाले, "पाड." डॉक्टरांची मनाई असताना चार दिवस ते खुर्चीत बसून सांगत होते, मी करीत होतो. आजी रोज यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी गालावर हात ठेवला, तो बराच वेळ उचललाच नाही. त्या चुकीबद्दल तात्या मला आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

आता एक कबुली देतो. गेल्या दिवाळीपासून तात्यांना जिना चढताना दम लागतो. तेव्हापासून मी चोरून त्यांचे फोटो काढतो आहे. चहा पिताना, पेपर वाचताना, डावीकडून, उजवीकडून. कशासाठी, हे मनातसुद्धा उच्चारायची भीती वाटते.

परवा पकडला गेलो. तात्यांनी मोबाईल घेऊन एकेक फोटो शांतपणे पाहिला. आता खरडपट्टी निघणार, असे वाटले.

"मागनं एकबी न्हाई," ते म्हणाले. "डोक्याचा घाट कसा करशील?" आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी मोबाईल उचलून खिशात ठेवला आणि माती मळायला गेलो.

तात्या, तो फोटो मी काढलेला नाही. काढवत नाही. तुम्ही शंभरी गाठा, श्वास मोकळा राहो, नजर अशीच आमच्या चुका पकडत राहो. तुमचा चेहरा फोटोवरून करायची वेळ माझ्यावर येऊ नये. माती तयार आहे. सोमवारपासून समोर येऊन बसा.