बापाच्या तोंडचं

इंग्लंडातल्या हॅगथॉर्प या खाणगावच्या कामगार क्लबात हसवणाऱ्या माणसाची पत गरम पॅटिसपेक्षा कमी होती. नेविल इबटसन जीव तोडून किस्सा सांगतोय, शेवटचं वाक्य ओठांवर आलंय, तेवढ्यात क्लबचा सेक्रेटरी त्याच्या हातातला माइक ओढून घ्यायचा आणि गर्जायचा, "पॅटिस आलेत हो!" अख्खा हॉल उठून काउंटरकडे. नेविल स्टेजवर एकटा. पॅटिस संपले की बिंगो, आणि बिंगोतून वेळ उरला तर पुन्हा नेविल. यॉर्कशरभरच्या क्लबांत त्याने हे वर्षानुवर्षं सोसलं आणि कधी कुरकुर केली नाही.

कुरकुर करायला माल तरी स्वतःचा हवा. नेविलचे विनोद नेविलचे नव्हतेच, त्याच्या बापाचे होते.

बाप म्हणजे विल्फ. कोळशाच्या खाणीत अगदी आत, कोळसा फोडणारा. पाळी संपवून यायचा, मान घासून धुवायचा, स्वयंपाकघरात चहाचा मग घेऊन बसायचा आणि सुरू व्हायचा. "आज मेबलकडे गेलो होतो. ताटलीत एकच बिस्किट. आम्ही सहा जण त्याच्याभोवती असे बसलो होतो, जणू ते शेवटच्या घटका मोजतंय!" मेबल म्हणजे त्याची मेहुणी. बायको, एल्सी, ओरडायची, "माझ्या बहिणीला नावं ठेवू नकोस, गप गिळ!" आणि जेवण वाढता वाढता स्वतःच फिस्सकन हसायची. नेविल तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. तिथली आखूड पेन्सिल कायम कोटाच्या वरच्या खिशात असे. खिळ्यांच्या कागदी पिशव्यांवर तो बापाचं वाक्य न् वाक्य उतरवून घ्यायचा.

एकोणिसाव्या वर्षी, एका रविवारी दुपारी, तो पहिल्यांदा क्लबाच्या स्टेजवर चढला आणि त्याने ते बिस्किट सांगितलं. असा हशा पिकला की सेक्रेटरीसुद्धा पॅटिस विसरला. तिसऱ्या रांगेत विल्फ हाताची घडी घालून बसला होता. शेजारच्या होरेस टास्करला कोपराने ढोसून म्हणाला, "माझं आहे ते. पण लेकाने माझ्यापेक्षा बरं सांगितलं." होरेस त्याचा खाणीतला जोडीदार, आणि कबुतरांच्या छंदातलाही. पुढे आठवडाभर त्याला हेच ऐकावं लागलं.

नेविलने दुकान सोडलं. शनिवार-रविवार क्लब, मधल्या वारी बापाच्या स्वयंपाकघरात बैठक. बाप बोलायचा, लेक लिहायचा. दोघांनाही त्यात सुख होतं. इतकं सरळ सुख फार थोड्या बापलेकांच्या वाट्याला येतं, आणि असतं तोवर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विल्फचा खोकला वाढला. खाणीच्या डॉक्टरला टाळून तो दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेला. परत आला तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "छातीत कोळशाची धूळ साठलीय म्हणतो. निघायची नाही." एल्सीच्या हातातली पळी तिथेच थांबली. तिचा चेहरा बघून विल्फ लगेच म्हणाला, "मी त्याला म्हटलं, डॉक्टर, खाणीवाल्यांना सांगू नका हं. घरी जो फुकटचा कोळसा टाकतात ना, त्यातून एवढा वजा करतील!" एल्सी हसली आणि हसता हसता पदर नसलेल्या बाईने करावं तसं ॲप्रन डोळ्यांना लावलं. विल्फने लेकाकडे बोट रोखलं. "नेव, हे लिहायचं नाही. या चार भिंतींबाहेर गेलं तर मला खाणीतून वर आणून बसवतील. मी खालचा माणूस आहे."

"नाही लिहीत, डॅड," नेविल म्हणाला. आणि खरंच त्याने लिहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्याला टीव्हीवर सहा मिनिटं मिळाली. क्लबांत हसवणाऱ्यांना टीव्हीचं एक भय असतं. तिथे एकदा सांगितलेला विनोद क्लबांसाठी मेला, कारण सगळ्या देशाने तो ऐकलेला असतो. तरी सहा मिनिटांसाठी कोण नाही म्हणतं? नेविलने निवडक माल नेला. पण लंडनच्या त्या झकपक मंडळींना मेबल मावशी कळेना. बिस्किटाचा किस्सा पडला. चौथ्या मिनिटाला त्याच्या पाठीवरून घाम ओघळला, आणि डोक्यात जे एकच उरलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. "माझ्या बापाच्या छातीत कोळसा साठलाय..." वजा करण्यापर्यंत तो पोचला, तेव्हा लोक खुर्च्यांवर आडवे झाले होते.

सोमवारी खाणीचा मॅनेजर विल्फला म्हणाला, "काय विल्फ, आमचा कोळसा दाबून बसलायस म्हणे?" सगळे हसले, विल्फही हसला. गुरुवारी त्याला छातीच्या फोटोला बोलावलं. पुढच्या आठवड्यात तो वर होता. सरकत्या पट्ट्यावरच्या कोळशातून दगड वेचायचे, अधू आणि म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत उभं राहून. डॉक्टरच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण होरेस खाली जायच्या पाळण्यात चढायचा तेव्हा विल्फ मान वळवून घ्यायचा, हे सगळ्यांनी पाहिलं.

नेविल धावत घरी आला. "डॅड, तोंडातून निसटलं रे. शपथ घेतो."

"हसले का लोक?"

"हसले. खूप हसले."

"मग झालं तर," विल्फ म्हणाला आणि खिडकीकडे बघून पुढे बोलला, "वारा सुटलाय आज."

त्या दिवसापासून बाप लेकाशी फक्त हवापाण्याचं बोलला. रागावला नाही, दार लावलं नाही. चहा द्यायचा, थंडी फार आहे म्हणायचा, मफलर घाल म्हणायचा. नेविलने नाना तऱ्हा केल्या. "मेबल मावशी काय म्हणते, डॅड?" "बरी आहे." एवढंच. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं असं नेविलला वाटे, आणि मलाही वाटतं. मागच्या अंगणातल्या कबुतरांच्या खुराड्यामागे बाप आणि होरेस बसलेले असत. तिकडून हसण्याचा गडगडाट यायचा. नेविलची पावलं वाजली की तो थांबायचा.

अशी अकरा वर्षं गेली. जुना माल टीव्हीने मारलेला, नवा कुठून आणणार? नेविल पुस्तकातले विनोद सांगू लागला, मग दुसऱ्यांचे. एका क्लबात सेक्रेटरीने खेळ अर्ध्यावर थांबवून पैशांचं पाकीट हातात दिलं आणि मागचं दार दाखवलं. शेवटी तो समुद्रकाठच्या एका सुट्टीच्या वसाहतीत बिंगोचे आकडे पुकारायच्या कामाला लागला. तिथे त्याच्याकडून कुणाची हसवण्याची अपेक्षा नव्हती.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये विल्फ गेला. दफनानंतर रीतीप्रमाणे क्लबात हॅम आणि चहा. सेक्रेटरीने नेविलला उठवलं, "दोन शब्द बोल. तुझा तर धंदाच तो." नेविलने बिस्किट सांगितलं. लोक मायेने हसले. सगळ्यांना ते पाठ होतं.

मग होरेस उठला आणि त्याने विल्फचं एक सांगितलं. दगड वेचणाऱ्यांच्या रांगेतलं. मग पट्ट्यावरचा दुसरा एक म्हातारा उठला. मग कबुतरवाल्यांपैकी कुणी. विल्फ नर्सला काय म्हणाला, कबुतर वाट चुकलं तेव्हा काय म्हणाला. हॉल गदगदून हसत होता. एल्सी ॲप्रनशिवाय आली होती, तिने टेबलक्लॉथ डोळ्यांना लावला. तासभर हे चाललं, आणि त्यातलं एकही नेविलने कधी ऐकलेलं नव्हतं. गेल्या अकरा वर्षांतला बाप त्या हॉलमधल्या प्रत्येकाकडे थोडा थोडा होता. फक्त नेविलकडे नव्हता.

हसणं ओसरल्यावर तो होरेसच्या शेजारी जाऊन बसला. "होरेसकाका, शेवटी तुम्ही होतात ना त्याच्याजवळ? काही म्हणाला?"

"म्हणाला की." होरेसचे ओठ आठवणीनेच हलले. "आदल्याच दिवशी. ऑक्सिजनची नळी लावायला आले तेव्हा. काय बोलला माहितीये! मी आणि ती नर्स, दोघं..."

"सांगा ना, काका."

होरेस बोलायला वळला आणि थांबला. त्याची नजर नेविलच्या हातावर होती. हात कोटाच्या वरच्या खिशात गेला होता.

"नको," होरेस हळूच म्हणाला. "राहू दे, पोरा. हॅम खा."

नेविलने हात तसाच ठेवला. त्या खिशात रुमाल होता आणि पेन्सिलही होती. हात कशासाठी गेला होता, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.