मामांनी बाजूला ठेवलेलं खोगीर

यशवंतमामा गेल्याचं मला मामींनी कळवलं नाही. शहराबाहेरच्या ज्या रायडिंग स्कूलमध्ये मी पूर्वी कारकून होतो, तिथल्या जुन्या नोकरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. दुपारी त्यावर मामांचा फोटो आला, खाली ‘संस्थेचे निष्ठावंत सेवक’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी मामांच्या घरी पोहोचलो तेव्हा माणसं पंचगंगेवरून परत आली होती. सख्खा भाचा असून खांदा द्यायला मी नव्हतो. त्याला आता पाच आठवडे झाले. निष्ठावंत हा शब्द मात्र अजून गिळवत नाही. याच संस्थेनं सात वर्षांपूर्वी हलगर्जीपणाचा ठपका ठेवून मामांना घालवून दिलं होतं, आणि त्या ठपक्याखाली अक्षर माझं होतं.

मामा तिथं खोगिरं सांभाळायचे. घोडे सांभाळणारे वेगळे होते, त्यांना लोक ओळखत. मामा मात्र मागच्या पत्र्याच्या खोलीत. तीस-पस्तीस खोगिरं, प्रत्येकावर पितळी नंबर. सकाळची रपेट संपली की घामानं भिजलेली खोगिरं आत यायची. मामा आधी कोरड्या फडक्यानं धूळ झाडत, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं घाम पुसत, साबणाचा जेमतेम फेस लावत आणि सावलीत वाळत ठेवत. उन्हात एकही खोगीर जायचं नाही. तेल अगदी बोटभर, तेसुद्धा चामड्यानं मागितलं तर. जास्त पाजलं की चामडं ढिलं पडतं आणि शिवण कुजते, असं ते सांगत. पोटाखालून आवळायचा तंग ज्या पट्ट्यांना अडकवतात, ते पट्टे खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या पाखेखाली झाकलेले असतात, वरून दिसत नाहीत. मामा रोज पाखा उचलून एकेक पट्टा वाकवून बघायचे. वरून चमकणाऱ्या खोगिरावर त्यांचा कधीच भरवसा नसे. “मानूस ह्या दोन पट्ट्यांवर बसतोय,” ते म्हणायचे, “वरच्या चमकीवर न्हाय.”

वडील गेल्यावर मला त्या ऑफिसात चिकटवलं ते मामांनीच, संस्था चालवणाऱ्या साहेबांपुढं चार वेळा उभं राहून. कुठलं खोगीर वापरात, कुठलं दुरुस्तीला, याचं रजिस्टर माझ्याकडे असे. एका शनिवारी मामा ऑफिसच्या दारात आले आणि अठरा नंबरच्या पट्ट्याची शिवण सुटत चाललीय, ते वापरायचं नाही, असं लिहून घे म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी खोगीर खोलीच्या कोपऱ्यात पालथं घातलं आणि त्यावर गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी प्रात्यक्षिकं होती. बाहेरून आलेले घोडे उतरवून घ्यायला साहेबांनी मामांना फाटकाकडे पाठवलं होतं. ऐन वेळी एक खोगीर कमी पडलं. साहेब स्वतः खोलीत गेले, गोणपाट काढलं आणि अठरा नंबर बाहेर आणायला लावला. मी व्हरांड्यात उभा होतो. साहेब, ते बाजूला ठेवलंय, एवढं मी म्हणालो… एकदाच, आणि हळू.

दुसऱ्याच फेरीत, वळणावर, पट्टा तुटला. कॉलेजात शिकणारी एक मुलगी खोगिरासकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. ती वाचली, पण पुढं वर्षभर काठीशिवाय चालू शकली नाही. त्याच संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शनिवारचं पान नव्यानं लिहायचं, त्यात ती नोंद नको, एवढंच सांगितलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मीही काही विचारलं नाही. पान फाडलं, नवं लिहिलं.

चौकशीत ते रजिस्टर मामांपुढं ठेवलं गेलं. मामांनी पान खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या कडेवर नजर लावून बसलो होतो. खोगीर तपासलं होतं का, असं कुणीतरी विचारलं. मामा म्हणाले, “माझ्या नजरंतनं ऱ्हायलं आसंल.” अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही राहिलं नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांना घरी पाठवलं. मला दिवाळीनंतर बढती मिळाली, आणि मी ती घेतली.

मामा मला कधीच काही बोलले नाहीत. सणाला गेलो की ये, बस, जेवून जा. मी जाणं कमी केलं, मग थांबवलंच. जिल्ह्यात बातमी पसरली होती. घोडी बाळगणाऱ्यांनीही मामांकडे खोगिरं दुरुस्तीला द्यायचं सोडलं. हातकणंगल्याकडचा एकच शेतकरी आपलं खोगीर आणत राहिला. त्यानं घोडी विकली तेव्हा तेही थांबलं. त्यानंतर मामा फारसे कुणाशी बोलत नसत, असं शेजारी सांगतात.

गेल्या रविवारी मी मामींना सगळं सांगितलं. उंबऱ्यातच उभा होतो, त्यांनी बस म्हटलं नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. भनीचं घर चालतंय त्याच्यावर, म्हनाले. मला कशाला सांगतोस आता? गावाला सांग की.”

म्हणून हे इथं लिहितोय. अठरा नंबरचं खोगीर यशवंतमामांनी तपासलं होतं, बाजूला ठेवलं होतं, आणि तशी नोंद झाली होती. ती मी नष्ट केली. त्या मुलीनं हे वाचलं तर तिला कळावं, की ती पडली त्यात मामांची चूक नव्हती.

त्या रविवारी मी निघताना मामी उठल्या आणि परसातल्या खोलीकडे गेल्या. घरी आणलेली खोगिरं मामा तिथं दुरुस्त करायचे. चामड्याला बुरशी धरू नये म्हणून ते रोज सकाळी खिडकी उघडत आणि ऊन खोलीत शिरायच्या आत लावून घेत. ऊन आता भिंतीवरून सरकत खिडकीशी येऊन ठेपलं होतं. मामींनी खिडकी लावून घेतली. मी मागोमाग जाऊन आत डोकावलो. खोलीत चामड्याचं काहीच नव्हतं.