अजीजचाचांचा न धुतलेला रोल

ज्याने चाचांचा रोल उन्हात धरला, त्याला मी आज फोनवर नको नको ते बोलले.

एकही शब्द मागे घेत नाहीये.

अजीजचाचांना जाऊन आज चाळीस दिवस झाले. आमच्या वऱ्हाडी मालेगावात स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटो डिजिटलवर काढायचे, पण मनातला फोटो असला की जुना पेटीचा कॅमेरा बाहेर यायचा.

मध्यंतरी कुणी कॅफेवाले आले होते. व्हिंटेज पीस आहे, शेल्फवर छान दिसेल, विकता का म्हणाले. चाचांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, चालत्याफिरत्या मानसाले कोनी कपाटात ठेवते का?

डोंबलाचं व्हिंटेज. तो कॅमेरा कामाचा होता.

त्याला लागणारा ६२० नंबरचा रोल केव्हाच बंद झाला. चाचा कुरिअरने १२० चा मागवायचे. फिल्म तीच, पण तिचं रीळ जाड, या कॅमेऱ्यात बसत नाही. मग डार्करूममध्ये, मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने ती फिल्म जुन्या बारीक रिळावर गुंडाळायची. तशी लोखंडी रिळं त्यांच्याकडे दोनच उरली होती.

एका रोलवर आठ फोटो. आठ झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही. कुणी कितीही घाई करो.

शेवटच्या रोलवरचा सातवा फोटो माझ्या आईचा होता.

आई अंगणवाडीत होती. मोबाइल समोर धरला की हात आडवा घालायची, "बस झालं आता." माझ्या फोनमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत, निम्म्यांत नुसता पंजा.

१४ एप्रिलच्या जयंतीला मी नागपूरहून घरी आले होते. दुसऱ्या दिवशी तिला पांढऱ्या साडीत स्टुडिओत नेलं. चाचा तिच्या कानाशी काहीतरी बोलले, मागे सरकले, आणि ती हसली तेवढ्यात खटका दाबला. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

मी मागेच लागले, आत्ताच्या आत्ता रोल धुवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"एक बाकी हाय बेटी. तो तू काढ, माहा फोटो. साऱ्या मालेगावचे काढले, माहाच राहून गेला."

मी कॅमेरा पोटाशी धरला. वरच्या काचेत सगळं उलटं. चाचा डावीकडे सरकले की काचेत उजवीकडे जायचे. मला हसू आवरेना. बाहेर माझी बस लागली होती. म्हटलं, घाईत हलेल चाचा, पुढच्या वेळी काढते.

पुढची वेळ म्हणजे आईचा अंत्यविधी.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चाचा आले, शेवटच्या रांगेत बसले. निघताना हळूच म्हणाले, रोल तसाच आहे. मला तेव्हा कॅमेऱ्याकडे बघायचीही हिंमत नव्हती. येते म्हटलं. गेले नाही.

मग चाचाच गेले.

आज धीर करून फोन लावला. दुकान आता त्यांचा पुतण्या इरफान बघतो. म्हटलं, रोल दे, मी कुठूनही धुवून आणते.

तो म्हणाला, रोल तर मी तिसऱ्याच दिवशी काढला.

काढला म्हणजे? कॅमेरा उघडला, पूर्ण फिल्म ओढून बाहेर काढली आणि गच्चीवर उन्हात धरली. लहानपणी आपण निगेटिव्ह धरायचो तशी. काहीच दिसलं नाही म्हणे.

दिसेल कसं? ते निगेटिव्ह धुतलेले असायचे. न धुतलेल्या फिल्मला ऊन लागलं की खेळ खलास. फोटोवाल्याच्या घरात वाढलास आणि एवढं कळू नये? माझी आई होती त्यात. हसत होती. एवढं सगळं मी त्याला ओरडून ओरडून ऐकवलं.

 माझा दम संपल्यावर तो म्हणाला,

"ताई, पेपरात द्याले मी चाचांचाच फोटो शोधून राह्यलो होतो. आधारवरचा सोडला तर घरात त्याईचा एकबी फोटो नाही."

मी फोन ठेवला आणि गॅलरी उघडली. वर्षानुवर्षांचे फोटो. चाचा एकातही नाहीत.

मग गावच्या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांच्या पोस्ट पाहिल्या. श्रद्धांजली म्हणून कुणी स्टुडिओची पाटी टाकलीये, कुणी कॅमेरा, कुणी आपलाच लग्नाचा फोटो. चाचांचा चेहरा कुणाकडेच नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि अख्ख्या गावात एकाला सुचलं नाही. लाज वाटते तुमची. तुमच्याहून जास्त माझी, कारण मला तर त्यांनी तोंडाने सांगितलं होतं.

इरफान जो फोटो शोधत होता, तो मी काढलाच नव्हता. काढला असता तर त्याच दिवशी रोल धुतला गेला असता. आई भिंतीवर असती. चाचा पेपरात असते.

माझी बस चुकली असती, एवढंच.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला मला तोंड नाही.

खुदा हाफिज, चाचा.