माशाच्या पोटातलं रान

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. त्या कोळशासाठी अकोले तालुक्यातलं एक रान तुटत होतं आणि मी तिथल्या ठेकेदाराचा, कोळशाची पोती मोजणारा कारकून होतो. रानाखालच्या तळ्यावर एक म्हातारी मासे विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

मासा चिरला की ती आधी त्याचं पोट बोटाने उकलून बघायची. "उंबरं हायती," म्हणायची, नाहीतर "आज लाल मुंग्या." काठावरच्या झाडांवरून पाण्यात जे जे पडे, ते तिला तिथे सापडायचं. मला त्या सवयीचं हसू यायचं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मासे जेमतेम बोटाएवढे मिळू लागले. मी कुरकुरलो, "मावशी, तळं तर काठोकाठ भरलंय की!"

"पानी लई हाय, भाऊसाहेब. पन त्येंचं जेवान वरनं यायचं."

तिने एक मासा चिरला, पोट उकललं आणि बोट माझ्यापुढे धरलं. बोटाला काळी पूड लागली होती. ती कसली, हे मला विचारावं लागलं नाही. तसलीच पूड माझ्या नखांत होती.