लवू घडशींचा बिबट्या

पोफळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन लांज्याजवळच्या आपल्या गावी परतलेल्या लवू घडशींना काजूच्या बागेत बिबट्या दिसला, आणि तोही पोरं शाळेत जातात त्या पायवाटेवर. त्यांनी लगेच मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, तर सगळे हसायला लागले. आठवड्यापूर्वीच कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलेल्या वाघाच्या फोटोने गावाची झोप उडवली होती.

"काका, आता तुम्हीपण?" सरपंच दीपाली म्हणाली.

लवूंना घरात बसवेना. नोकरीत असताना घेतलेला रोलचा कॅमेरा त्यांनी बाहेर काढला, नवा रोल मागवला आणि रोज सकाळी बागेच्या दगडी गडग्याआड जाऊन बसू लागले. पाचव्या दिवशी बिबट्या समोरून आरामात चालत गेला. तीन फोटो निघाले.

रोल धुवायला त्यांनी एसटीने थेट कोल्हापूर गाठलं. स्टुडिओबाहेर येरझाऱ्या घालून पाय दुखले, पण बसणं जमलं नाही.

ते गावी परतल्यावर दीपालीने निगेटिव्हची पट्टी उन्हात धरली. उलट्या रंगांतही पायवाट आणि बिबट्या स्पष्ट दिसत होते.

"हे काही कॉम्प्युटरवर बनवलेलं नाही," ती म्हणाली. "उद्यापासून पोरं टेम्पोने जातील."

पोरं टेम्पोने जाऊ लागली, पण लवूंची तगमग थांबेना.

"मी या गावात कधी खोटं बोललोय? मग माझा शब्द का नाही चालला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"खरं सांगू? तो मोबाइलवरचा फोटो मलापण खोटाच वाटला होता," सगुणाबाई हळूच म्हणाल्या.

 लवू चपला घालून बाहेर पडले.